तेलावर तरंगलेले युद्ध : प्रस्तावना

६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाडा या बंदरांवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. विमाने आली होती बंगालच्या उपसागरात शिरलेल्या र्‍यूजो या विमानवाहू नौकेवरून. आदल्याच दिवशी दुसऱ्या, मोठ्या जपानी ताफ्याने कोलंबोवर हल्ला चढवून डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या दोन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या होत्या. ९ तारखेला त्रिंकोमालीच्या बाजूला हर्मिस ही ब्रिटिश विमानवाहू नौकाही गेली. अंदमान तर मार्चमध्येच जपानच्या हाती पडले होते. मद्रासेतल्या सरकारी कचेऱ्या आतल्या गावांत हलवल्या गेल्या आणि लोकांनी मिळेल त्या गाडीने शहर सोडले.

इतके दाराशी येऊन गेलेले हे युद्ध मराठी वाचनात मात्र परकेच राहिले. दुसऱ्या महायुद्धावर आपल्याकडे कमी लिहिले गेले असे नाही. वि. स. वाळिंबे यांच्या पुस्तकांवर तर एक अख्खी पिढी पोसली. पण त्या वाचनातून मनात ठसले ते हिटलर, रोमेल आणि स्टालिनग्राड. प्रशांत महासागराचा विषय निघाला की पर्ल हार्बर आठवते आणि मग एकदम हिरोशिमा. या दोन टोकांच्या मध्ये तीन वर्षे आठ महिने आहेत. जगाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या आरमारी लढाया त्या काळात झाल्या. ती जागा भरून काढावी, एवढ्यासाठी या पुस्तकाचे काम सुरू झाले. काम पुढे सरकले तसे लक्षात आले की नुसत्या लढाया ओळीने सांगून भागणार नाही.

याचे कारण अंतर. सान फ्रान्सिस्कोहून पर्ल हार्बर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि तिथून टोकियो आणखी ६,२०० किलोमीटर. मुंबई ते कोलकाता या सरळ रेषेतल्या अंतराच्या जवळपास चौपट हा दुसराच टप्पा झाला. मध्ये बेटे आहेत, पण बहुतेकांवर ना गोदी, ना तेल, ना पुरेसे गोडे पाणी. पूर्ण वेगाने धावणाऱ्या विनाशिकेच्या टाक्या काही दिवसांत कोरड्या पडतात. त्यामुळे प्रत्येक लढाईबद्दल वाचकाने आधी दोन प्रश्न विचारावेत : ही जहाजे इथवर कुणाच्या तेलावर आली, आणि मार खाल्ल्यावर दुरुस्तीला कुठे जाणार? तोफा आणि विमाने लढली हे खरेच. निकाल मात्र तेलवाहू जहाजांनी, गोद्यांनी आणि आग विझवणाऱ्या पथकांनी लावला, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

युद्ध पेटले तेही तेलावरूनच. जपानचे बहुतेक तेल अमेरिकेतून येत असे. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात उतरल्या आणि अमेरिकेने तेलाचा नळ बंद केला. जवळचा दुसरा साठा म्हणजे डचांच्या ताब्यातला सुमात्रा आणि बोर्निओ. तिथवर जायच्या वाटेवर एका बाजूला ब्रिटिशांचे सिंगापूर, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे फिलिपिन्स, आणि लांबवर हवाईत उभे असलेले अमेरिकन आरमार. ७ डिसेंबर १९४१ चा पर्ल हार्बरवरचा हल्ला हा या तेलमोहिमेची एक बाजू सुरक्षित करण्यासाठी होता. सहा विमानवाहू नौकांवरून साडेतीनशेच्या आसपास विमाने दोन लाटांत आली, २,४०३ अमेरिकन मेले, त्यातले १,१७७ एकट्या ॲरिझोना या बॅटलशिपवर. पण बंदरातल्या आठ बॅटलशिपपैकी सहा पुढे दुरुस्त होऊन कामाला लागल्या. गोदी शाबूत राहिली, पाणबुड्यांचा तळ शाबूत राहिला, आणि सुमारे ४५ लाख बॅरल तेलाच्या टाक्यांवर एकही बॉम्ब पडला नाही. तेलासाठी युद्ध सुरू करणाऱ्यांनी शत्रूचे तेल सोडून द्यावे, याहून बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

असे का झाले, हे समजायला चाळीस-पन्नास वर्षे मागे जावे लागते. १८९० मध्ये आल्फ्रेड थायर मॅहन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने समुद्री सत्तेच्या इतिहासावर एक ग्रंथ लिहिला. महासत्ता होते ती आरमाराच्या जोरावर आणि आरमाराचा कस लागतो तो एका निर्णायक लढाईत, असा धडा त्यातून जगभरच्या नौदलांनी घेतला. जपान्यांनी तो सर्वांत मनापासून घेतला, कारण त्यांच्यापुढे पुरावाच होता. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत ॲडमिरल तोगो यांनी रशियाचा अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला ताफा दोन दिवसांत संपवला होता. आशियाई देशाने युरोपीय सत्तेला हरवल्याचा आनंद तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतूनही उमटला. जपानी नौदल पुढची पस्तीस वर्षे त्याच लढाईची दुसरी आवृत्ती घडवण्याच्या तयारीत राहिले. अमेरिकन नौदलाच्या जपानविरोधी योजनांच्या मध्यभागीही बॅटलशिपांची रांगच होती, हे विसरू नये.

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या जहाजांना ५ : ५ : ३ असे प्रमाण बांधून दिले. टोकियोत त्याचा राग धरला गेला. पण कराराचा एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. अर्धवट बांधलेल्या मोठ्या सांगाड्यांचे काय करायचे? ते विमानवाहू नौकांत बदलण्याची मुभा होती, आणि त्यातून जपानच्या आकागी व कागा, अमेरिकेच्या लेक्सिंग्टन व साराटोगा जन्मल्या. बॅटलशिपांना लगाम घालणाऱ्या कागदाने त्यांच्या मारेकऱ्यांना जन्म दिला. कराराच्या बंधनातून मोकळे झाल्यावर जपानने यामातो आणि मुसाशी बांधल्या : प्रत्येकी सुमारे ७२,००० टन, ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा. इतक्या मोठ्या तोफा दुसऱ्या कुठल्याही युद्धनौकेवर कधी चढल्या नाहीत. यामातो नौदलात दाखल झाली डिसेंबर १९४१ मध्ये. त्याच महिन्याच्या १० तारखेला मलायाजवळ प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश जहाजांना जमिनीवरून उडालेल्या जपानी विमानांनी भर समुद्रात बुडवले होते. यामातोचा काळ तिच्या पहिल्याच महिन्यात संपला होता, आणि तो संपवणारे जपानीच होते.

मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात पहिल्यांदाच असे झाले की दोन ताफे लढले आणि एकाही जहाजाने शत्रूचे जहाज डोळ्यांनी पाहिले नाही. लेक्सिंग्टन बुडाली, यॉर्कटाउन ही दुसरी अमेरिकन विमानवाहू नौका जबर जखमी झाली. ती २७ मे रोजी पर्ल हार्बरला पोचली आणि ३० मे रोजी पुन्हा समुद्रावर निघाली. गोदीतल्या कामगारांनी रात्रंदिवस काम करून केलेली ही तीन दिवसांची दुरुस्ती जूनमधल्या मिडवे बेटाजवळच्या अमेरिकन विजयातला निम्मा वाटा उचलते, असे मी मानतो. ज्या गोदीत ती झाली ती सहा महिन्यांपूर्वी जपानी वैमानिकांनी सोडून दिलेली गोदी होती.

मिडवेवर थोडे थांबायला हवे, कारण या विषयातल्या इतिहासलेखनाचे सगळे प्रवाह तिथे येऊन मिळतात. घटना थोडक्यात अशी. पर्ल हार्बरच्या तळघरात जोसेफ रोशफर्ट यांच्या तुकडीने जपानी सांकेतिक संदेश अंशतः फोडले होते. संदेशांत वारंवार येणारे ‘एएफ’ हे ठिकाण कोणते, याची खात्री करण्यासाठी मिडवेवरून उघड भाषेत गोड्या पाण्याच्या टंचाईची खोटी तक्रार पाठवण्यात आली, आणि थोड्याच वेळात ‘एएफवर पाणी कमी आहे’ असा जपानी संदेश हाती लागला. ४ जूनच्या सकाळी अमेरिकन टॉर्पेडो विमाने एकामागून एक पडत गेली. एका तुकडीची पंधराही विमाने गेली आणि त्यांतल्या तीस जणांपैकी एकच माणूस वाचला. मग साडेदहाच्या सुमारास वरून आलेल्या डाइव्ह बॉम्बरनी काही मिनिटांत जपानी विमानवाहू नौका आकागी, कागा आणि सोर्‍यू पेटवल्या. संध्याकाळी हिर्‍यूही गेली.

पर्ल हार्बरच्या हल्ल्याचे हवाई नेतृत्व केलेले फुचिदा मित्सुओ मिडवेच्या वेळी आकागीवर होते. त्यांच्या युद्धोत्तर पुस्तकाने एक चित्र जगभर रूढ केले : जपानी डेकवर विमाने इंजिने सुरू करून उभी आहेत, आणखी पाच मिनिटे मिळाली असती तर ती उडाली असती. नियतीची पाच मिनिटे! अमेरिकन लेखकांनाही ही गोष्ट आवडली, कारण तिच्यात त्यांच्या बाजूने चमत्कार होता. २००५ मध्ये जोनाथन पार्शल आणि अँथनी टुली यांनी जपानी नौकांच्या उड्डाणनोंदी तपासून दाखवले की हल्ल्याची विमाने त्या वेळी खालच्या हँगरमध्येच होती. डेक संरक्षक लढाऊ विमानांच्या चढउतारात गुंतला होता. जपानच्या अधिकृत युद्धेतिहासात हे बरेच आधी येऊन गेले होते, पण ते जपानीतच राहिले. या जोडीने आणखी एक मुद्दा पुढे आणला. जपानी नौकांवर आग आवरण्याचे शिक्षण ठरावीक पथकापुरते होते, हँगर बंदिस्त होते आणि तेलाच्या नळ्या भरलेल्या होत्या. अमेरिकन जहाजांवर मात्र बहुतेक खलाशांना आगीशी झुंजायची तालीम होती. नियतीपेक्षा पाण्याच्या होजपाइपाने जास्त काम केले.

इतिहासलेखनाची पहिली परंपरा सॅम्युएल इलियट मॉरिसन यांची. रूझवेल्ट यांनी त्यांना गणवेश देऊन युद्धातच पाठवले, आणि १९४७ ते १९६२ या काळात त्यांचे पंधरा खंड आले. भाषा जिवंत, लढाईचे वर्णन आजही श्वास रोखून धरायला लावणारे. पण दृष्टी ॲडमिरलच्या ब्रिजवरची आणि विजेत्याची. जपानने १९६६ ते १९८० दरम्यान १०२ खंडांचा अधिकृत इतिहास काढला; तो काटेकोर आहे, पण अधिकाऱ्यांनी अधिकाऱ्यांविषयी लिहिलेला. त्याच जपानात इएनागा साबुरो यांनी युद्धाचा दोष राज्यकर्त्यांच्या आणि शिक्षणाच्या गळ्यात घातला आणि शालेय पुस्तकांच्या सरकारी कात्रीविरुद्ध दशकानुदशके कोर्टात लढा दिला. १९८६ मध्ये जॉन डाउअर यांनी दोन्ही बाजूंच्या वंशद्वेषाकडे बोट दाखवले, आणि कैदी न घेण्याची क्रूरता कुठून आली हे त्यानंतर नीट उमगू लागले. यांच्या बरोबरीने पुरवठा, कारखाने आणि जहाजबांधणी मोजणारे अभ्यासक आहेत. ते कोरडे लिहितात आणि म्हणून कमी वाचले जातात. माझा कल त्यांच्याकडे आहे, हे वाचकाला आधीच सांगून ठेवतो.

मिडवेने जपानचे वैमानिक संपवले, असेही सरसकट लिहिले जाते. नौका गेल्या, पण अनुभवी वैमानिकांपैकी बहुतेक वाचले. ते खरे झिजले पुढच्या महिन्यांत, सॉलोमन बेटांवर. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ ही तिथल्या ग्वादलकनाल बेटाची लढाई या युद्धाचा कणा आहे. ९ ऑगस्टच्या रात्री सावो बेटापाशी जपानी ॲडमिरल मिकावा गुनिची यांच्या क्रूझरनी तासाभराच्या आत दोस्तांच्या चार मोठ्या क्रूझर निकालात काढल्या. हजाराहून अधिक खलाशी मेले. जपानी खलाशांची रात्रीची नजर आणि प्राणवायूवर चालणारे लांब पल्ल्याचे टॉर्पेडो यांना तेव्हा तोड नव्हती. आणि तरी मिकावा रिकामे परतले, कारण किनाऱ्याशी उभ्या मालवाहू जहाजांकडे ते वळलेच नाहीत. अमेरिकन सैनिकांचे अन्न आणि दारूगोळा त्या जहाजांत होता. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन या बॅटलशिपने रडारच्या आधाराने अंधारात किरिशिमा या जपानी बॅटलशिपला बुडवले, तेव्हा रात्रीची मक्तेदारीही गेली. सावो आणि ग्वादलकनाल यांच्यामधल्या खाडीत इतकी जहाजे बुडाली की खलाशी तिला लोखंडी तळाची खाडी म्हणू लागले.

आता पाणबुड्या. यांच्यावर चित्रपट निघतात, पण युद्धाच्या हिशेबात त्यांना मिळायला हवी ती जागा मिळत नाही. अमेरिकन नौदलाच्या मनुष्यबळाचे दोन टक्केही पाणबुड्यांवर नव्हते. जपानचे बुडालेले व्यापारी टनेज मात्र निम्म्याहून अधिक त्यांच्या नावावर आहे. तेही सदोष टॉर्पेडो घेऊन. मार्क १४ हा त्यांचा टॉर्पेडो ठरल्यापेक्षा खोल जाई, चुंबकीय स्फोटक भलत्या वेळी उडे आणि थेट धडक बसली तर कधी फुटतच नसे. कप्तान तक्रारी करत होते, खात्याचे लोक कप्तानांच्या नेमबाजीला दोष देत होते. हा घोळ १९४३ च्या उत्तरार्धापर्यंत चालला. दुसरीकडे, व्यापारी जहाजांना संरक्षण देणे हे जपानी नौदलाला हलके काम वाटे. त्यासाठी स्वतंत्र मुख्यालय निघाले ते थेट नोव्हेंबर १९४३ मध्ये. साऱ्या महायुद्धात ५२ अमेरिकन पाणबुड्या आणि सुमारे साडेतीन हजार माणसे गेली.

या पाणबुडी मोहिमेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. पर्ल हार्बरच्याच दिवशी अमेरिकेने जपानविरुद्ध अनिर्बंध पाणबुडी युद्धाचा हुकूम दिला होता. न्यूरेम्बर्गला जर्मन ॲडमिरल ड्योनित्स यांच्यावर तसाच आरोप आला, तेव्हा अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमिट्झ यांनी आपणही हेच केल्याचे लेखी सांगितले. ऑगस्ट १९४४ मध्ये ओकिनावातून मुले हलवणारे त्सुशिमा मारू हे जहाज बोफिन या पाणबुडीने बुडवले. सातशेहून अधिक शाळकरी मुले मेली. बोफिन आज पर्ल हार्बरला संग्रहालय आहे. जपान्यांनी युद्धकैदी आणि वेठीचे मजूर ज्या जहाजांच्या पोटात कोंबले त्यांवर कसलीच खूण नसे. सप्टेंबर १९४४ मध्ये जुन्यो मारू ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाले, तेव्हा पाच हजारांहून अधिक माणसे गेली. सिंगापूरला पकडलेल्या भारतीय सैनिकांपैकीही हजारो अशाच जहाजांतून न्यू गिनी आणि रबाउलच्या बाजूला नेले गेले.

पाणबुड्यांनी केलेली तेलाची कोंडी फिलिपिन्समधल्या लेते आखातात ऑक्टोबर १९४४ मध्ये उघडी पडली. जपानच्या मोठ्या तोफांचा ताफा तेलाजवळ राहावा म्हणून सिंगापूरजवळ होता आणि विमानवाहू नौका वैमानिक शिकवण्यासाठी मायदेशी. दोन्ही हात एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब. त्यातून निघालेली योजना गुंतागुंतीची होती आणि तरी जवळपास फळली. जपानी ॲडमिरल ओझावा यांच्या जवळजवळ विमानरहित नौकांच्या आमिषामागे अमेरिकन ॲडमिरल हॉल्सी उत्तरेला धावले. ॲडमिरल कुरिता यांचा मोठ्या तोफांचा ताफा, आदल्या दिवशी मुसाशी गमावूनही, २५ ऑक्टोबरच्या सकाळी सामार बेटाजवळ छोट्या अमेरिकन विमानवाहू नौका आणि मूठभर विनाशिकांसमोर येऊन उभा राहिला. जॉन्स्टन ही विनाशिका यामातोच्या ताफ्यावर चालून गेली आणि बुडाली. कुरिता मात्र विजय हाताशी असताना परत फिरले. का फिरले, यावर ग्रंथ झाले आहेत. माझ्या मते तीन दिवस न झोपलेला, आधीचे जहाज पायाखालून बुडालेला आणि तेल मोजत असलेला माणूस दुसरे काही करता तरच नवल. त्याच पहाटे सुरिगावच्या सामुद्रधुनीत बॅटलशिपांची शेवटची आपसांतली लढाई झाली. तिथल्या सहा अमेरिकन बॅटलशिपांपैकी पाच पर्ल हार्बरमधून वाचलेल्या किंवा तळातून वर काढलेल्या होत्या.

पुढचे वेगाने घडले. कामिकाझे वैमानिकांचे आत्मघाती हल्ले, ओकिनावाची लढाई, ७ एप्रिल १९४५ रोजी सुमारे तीन हजार माणसांसह बुडालेली यामातो, आणि २ सप्टेंबरला मिसुरी या अमेरिकन बॅटलशिपच्या डेकवरची शरणागती.

आज हे का वाचायचे? एक कारण आपल्या आरमारातच आहे. १९६१ मध्ये आलेली पहिली विक्रांत मुळात १९४३ मध्ये ब्रिटिश नौदलासाठी बांधायला घेतलेली हर्क्युलिस होती. आयएनएस दिल्ली म्हणजे ओकिनावापर्यंत जाऊन आलेली अकिलिस. नोव्हेंबर १९४२ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीच्या बेंगाल या छोट्या जहाजाने, ओंडिना या डच तेलवाहू जहाजाच्या साथीने, कितीतरी मोठ्या दोन जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतले एक बुडाले. खुद्द निमिट्झ १९४९ मध्ये काश्मीरच्या नियोजित सार्वमताचे प्रशासक नेमले गेले होते. आता २०२२ मध्ये नवी विक्रांत आली आहे, अंदमानात तिन्ही दलांचा संयुक्त तळ आहे, आणि क्षेपणास्त्रांच्या काळात विमानवाहू नौका म्हणजे नवी यामातो तर नव्हे, असा वाद झडतो आहे. हा वाद जहाजाच्या आकारावरून घातला जातो, तोच चुकीचा. तिच्याबरोबर तेल कोण वाहणार आणि तिची जखम कुठे भरणार, हे आधी विचारावे.

दुसरे कारण समुद्राच्या तळाशी आहे. मुसाशी २०१५ मध्ये सापडली, आकागी आणि कागा २०१९ मध्ये, आणि जॉन्स्टन सहा किलोमीटरहून खोल पाण्यात. दुसरीकडे जावा समुद्रात १९४२ मध्ये बुडालेली डच जहाजे २०१६ मध्ये जागेवर नसल्याचेच आढळले. भंगारवाल्यांनी ती कबरींसकट उचलून नेली होती.

काही व्यावहारिक गोष्टी. तारखा लढाईच्या जागेवरच्या दिल्या आहेत; पर्ल हार्बरचा ७ डिसेंबर जपानात ८ होता. जपानी नावांत आडनाव आधी ठेवले आहे. चीनमधले युद्ध, बेटांवरची जमिनीवरची लढाई आणि अणुबॉम्ब यांना इथे गरजेपुरतीच जागा आहे. त्यांना स्वतंत्र पुस्तके हवीत. वाचताना प्रशांत महासागराचा मोठा नकाशा शेजारी ठेवावा, मोबाइलच्या पडद्यावर ही अंतरे कळत नाहीत.

आणि एक विनंती. युद्धापूर्वीच्या रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी मोठ्या संख्येने होते. कोकणातली आणि गोव्यातली माणसे ब्रिटिश व्यापारी जहाजांवर भट्टीखान्यापासून भटारखान्यापर्यंत राबत होती. ज्या पुरवठ्याच्या कामाला हे पुस्तक निकालाचे श्रेय देते, ते त्यांच्या हातचे होते. छापील इतिहासात त्यांचे शब्द फार थोडे आले आहेत. आपल्या घरात अशा कुणाचे नोंदपुस्तक, पत्र किंवा फोटो असेल तर तो रद्दीत घालू नका; घरातल्या वयस्क माणसांना विचारून जहाजाचे नाव आणि साल त्याच्या मागे लिहून ठेवा.